परक्याचा पहिला युरो

स्लोव्हेनियातल्या नोवो मेस्तोच्या अलीकडे हमरस्त्यालगतच्या थांब्यावर कर खात्याची पांढरी गाडी उभी दिसली, तेव्हा राझियाच्या कपाळावर साधी आठीसुद्धा उमटली नाही. लाल चकती हलवणाऱ्या पोरगेल्या इन्स्पेक्टरला तिने लांबूनच दिवा दाखवला, बस कडेला घेतली आणि आरशातून मागे बघत आवाज दिला, "कुणी उतरू नका हं! तपासणी आहे, कॉफीला थांबलेलो नाही. पाच मिनिटांत निघायचंय."

बसमध्ये सगळी म्हातारी माणसं होती. बोस्नियातल्या त्साझिन गावची आणि आसपासच्या खेड्यांतली. रस्तेबांधणीवरचे जुने कामगार, त्यांच्या बायका, आणि जे कामगार आता राहिले नाहीत त्यांच्या विधवा. ठेवणीतले कोट, काळ्या ओढण्या, मांडीवर डब्यात बांधून घेतलेली पिता, म्हणजे तिकडची सारण भरलेली भाजकी पोळी. लितिया गावात त्यांचा मुकादम वारला होता, त्सिरिल पोडब्रेगार. दुपारी एकला माती द्यायची होती.

मुकादम स्लोव्हेनियातला आणि ही सगळी बोस्नियातली, पण तेव्हा देश एकच होता. पुढे देश फुटला आणि एका रात्रीत ही माणसं परकी झाली. वीस-वीस वर्षं ज्या रस्त्यांवर डांबर ओतलं, तिथल्या कचेऱ्यांत त्यांना कुणी ओळखेना. तेव्हा त्सिरिल आपली टोपी काखेत मारून एकेका टेबलापुढे उभा राहिला होता. "हा हायरो. ह्याने माझ्या हाताखाली अमुक साली तमुक पुलावर काम केलंय. मी साक्षीदार आहे. लिहा." असं प्रत्येकासाठी. अर्धी बस आज पेन्शन खात होती ती त्याच्या जिभेमुळे.

हायरोकाका राझियाच्या मागच्याच सीटवर बसला होता. कबरीपाशी चार शब्द त्याने बोलावेत असं ठरलं होतं. सीमा ओलांडल्यापासून त्याचे ओठ हलत होते. मध्येच थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

राझियाने कागदांची फाईल उचलली आणि उतरली. ही तपासणी तिला नवी नव्हती. परक्या देशाची बस स्लोव्हेनियातून गेली, की तिथे जितके किलोमीटर चालली तितक्या भाड्यावर तिथला व्हॅट भरायचा, असा नियम. देशातल्या लहान धंदेवाल्याला एका मर्यादेपर्यंत नोंदणीही माफ. परक्याला मात्र पहिल्या युरोपासून सगळं लागू. त्यात परका युरोपीय संघाबाहेरचा असला, तर त्याने तिथला एक प्रतिनिधी नेमायचा. तो त्याच्या वतीने विवरणपत्रं भरणार, आणि परक्याने बुडवलं तर जामीन म्हणून तोच भरणार.

त्साझिनचे बाकीचे बसवाले ह्या भानगडीत पडत नसत. काचेवर 'कौटुंबिक सहल' अशी पाटी लावायची आणि अडवलंच तर सगळ्यांनी एकमेकांची मावशी-आत्या व्हायचं. ते राझियाला हसायचे. "एक बस आणि तोरा केवढा! राजधानीत, लुब्ल्यानात म्हणे तिचा माणूस आहे." तिचा नवरा नुरियासुद्धा पहिल्या वर्षी कुरकुरला होता. राझियाने त्याला सांगितलं होतं, "त्यांच्या रस्त्यावरून जाते, त्यांचं देणं देते. नाक्यावर मान खाली घालून बसायला मला जमणार नाही." सहा वर्षं तिने हे पाळलं होतं. प्रतिनिधी विद्रिह नावाचा होता. दर महिन्याला त्याची फी आणि कराची रक्कम ती त्याच्याकडे पाठवायची, आणि त्याची चिठ्ठी यायची: सगळं व्यवस्थित.

पोरगेल्या इन्स्पेक्टरचं नाव म्लेकुझ होतं, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. त्याने तिचा कर क्रमांक यंत्रात टाकला. पुन्हा टाकला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "हा क्रमांक बंद आहे."

"नीट बघा. शेवटी सात आहे."

"सातच टाकलाय. जानेवारीत बंद झालाय. शेरा आहे, 'व्यवसाय थांबवला'."

राझिया हसली. खरंच हसली. "व्यवसाय थांबवला? मग ही काय बैलगाडी उभी आहे?"

म्लेकुझला हसू आलं नाही. "म्हणजे तुम्ही नोंदणी नसताना वाहतूक करताय, बाई. जानेवारीपासून."

"अहो, मी पैसे भरलेत! मागच्याच आठवड्यात भरलेत."

"कुणाकडे?"

"विद्रिहकडे. माझ्या प्रतिनिधीकडे."

"आमच्याकडे आलेले नाहीत."

तिने तिथेच उभं राहून विद्रिहला फोन लावला. त्याच्या सेक्रेटरीने, नूशाने, गोड आवाजात सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप ठेवते. राझियाने दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा फोन उचललाच गेला नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

म्लेकुझ दंडाचा कागद भरत होता. रक्कम ऐकून तिचे कान गरम झाले. बसच्या नव्या टायरांचा अख्खा जोड आला असता. "जागेवर भरलात तर निम्मा," तो म्हणाला. "मग प्रकरण मिटलं. अपील नाही. नाही भरलात, तर कागदपत्रं आणि नंबरपाट्या आम्ही ठेवून घेणार."

"तुमच्या इथल्या बसवाल्याचं असं काही निघालं तर त्याच्या पाट्या काढता?"

"त्याचा पत्ता आमच्याकडे असतो. त्याला घरी नोटीस जाते."

"माझा पत्ता सहा वर्षं तुमच्याकडे आहे!"

"तुम्ही परदेशी आहात, बाई," म्लेकुझ म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, आणि तेच तिला जास्त झोंबलं. हवा कशी आहे ते सांगावं तसं त्याने सांगितलं होतं.

एव्हाना बसमधली माणसं खाली उतरली होती. काय झालं ते एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता वाढत गेलं. फाताकाकू, जिचा नवरा ह्याच रस्त्यांच्या कामावर छातीत धूळ भरून मेला होता, पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढू लागली. "घे गं. सगळे मिळून देऊ. उशीर होतोय."

"ठेवा ते, काकू."

"अगं घे म्हणते ना!"

"नाही घेणार. हा दंड भरला म्हणजे मी चोर आहे हे मीच कबूल केलं. परत तोंड उघडायची सोय नाही."

तेवढ्यात कर खात्याचा दुसरा इन्स्पेक्टर, पिकल्या मिशांचा, जवळ आला. तो मघापासून गाडीला टेकून सगळं ऐकत होता. हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघा बाई. ह्या लोकांनी तुम्हाला भाडं दिलेलंच नाही, असं असेल तर कराचा प्रश्नच येत नाही. ओळखीची माणसं, दुःखाचा प्रसंग, तुम्ही नुसतं पोचवताय. तसं असेल तर सांगा. मी लिहून घेतो आणि तुम्ही निघा."

मग दोन-तीन आवाज एकदम उठले, "हो हो, फुकटच! आम्ही काही दिलं नाही!" फाताकाकूने तर राझियाच्या दंडाला धरून सांगितलं, "ही माझी भाची आहे."

राझियाच्या तोंडात 'हो' आलेलं होतं. घड्याळ पुढे सरकत होतं, समोर चाळीस म्हातारे चेहरे होते आणि शब्द एकच लागत होता. तिने हायरोकाकाकडे बघितलं.

हायरोकाका काठी टेकत पुढे आला. पिकल्या मिशांच्या इन्स्पेक्टरला म्हणाला, "साहेब, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, कळतंय मला. पण ज्या माणसाच्या मातीला आम्ही चाललोय, त्याने आमच्यासाठी शंभर ठिकाणी साक्षी दिल्या. एकही खोटी नव्हती. ज्याने काम केलं नाही त्याच्यासाठी त्याने सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही म्हटलं होतं. त्याच्याकडे खोटी साक्ष देऊन जाऊ?" मग राझियाकडे वळून, "तू कर भरला आहेस ना पोरी?"

"पै न पै, काका."

"मग भरला म्हण. आमची काळजी करू नको."

"तुझ्या खरेपणाला काय चाटायचंय?" फाताकाकू भडकली. "माणूस खड्ड्यात जाईल आणि आपण इथे खरं बोलत उभे राहू!"

तिचंही चूक नव्हतं. राझियाला ते पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. पण त्या क्षणी तिने बसच्या किल्ल्या म्लेकुझच्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "ह्यांनी भाडं दिलंय. मी कर भरलाय. दंड मी भरणार नाही. असंच्या असं लिहा."

पाट्या काढताना म्लेकुझचा पाना सारखा घसरत होता. हायरोकाका बघत उभा होता. "ह्या थांब्याचा भराव मी घातलाय," तो म्हणाला. "इथे दलदल होती. त्सिरिल रोज ओरडायचा, अजून खडी टाका, अजून खडी टाका." म्लेकुझ मागच्या पाटीकडे वळला.

त्सिरिलची मुलगी आलेंका हिला फोन गेला. तिचा बाप लितियाच्या अग्निशमन पथकात आयुष्यभर स्वयंसेवक होता. गणवेश चढवून, पितळी बटणं घासून पथक स्मशानभूमीकडे निघायच्या बेतात होतं. त्यातल्या सहा जणांनी शिरस्त्राणं बाकावर ठेवली आणि गाड्या काढल्या. घाटातून त्या इथवर यायला जो वेळ लागायचा तो लागलाच. लाल गाड्यांत म्हातारे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे कोंबले गेले, ज्यांना जागा झाली नाही ते दुसऱ्या खेपेसाठी कठड्यावर बसून राहिले.

पाद्रीबुवांनी जमेल तितकं थांबवून धरलं. पण त्याच दुपारी आणखी एक माती होती. पहिली गाडी पोचली तेव्हा कबरीवर फुलांची चक्रं ठेवून झाली होती आणि गायकमंडळी वह्या मिटून फाटकाबाहेर पडत होती. हायरोकाका ताज्या मातीपाशी उभा राहिला, ओठ हलवले, आणि त्याला पहिला शब्दच आठवेना. आलेंकाने त्याचा हात धरला. तो तसाच परत फिरला.

राझिया तिथे नव्हती. ती नोवो मेस्तोहून बस पकडून लुब्ल्यानाला निघाली होती. दुसऱ्याच्या बसमध्ये, खिडकीशी, मांडीवर फाईल घेऊन बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती ह्या रस्त्यावर प्रवासी होती.

बेझिग्राद भागातल्या एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर विद्रिहचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत चामडी खुर्च्या, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीवर युरोपीय संघाचा निळा झेंडा. नूशा टेबलामागून म्हणाली, "साहेब बिझी आहेत, आज वेळ नाही देता यायचा."

"मला वेळ आहे," राझिया म्हणाली आणि बसली.

तिथे आधीच दोघं बसले होते. एक ब्लागोया, मॅसेडोनियाचा. मिरच्यांची चटणी घेऊन वर्षभर इथल्या जत्रा करणारा, जाडजूड, सतत कपाळ पुसणारा. दुसरी देसांका, सर्बियातल्या डोंगराकडची, लोकरी मोजे आणि स्वेटर विकणारी. नव्या तिमाहीचे पैसे भरायला आले होते दोघंही. राझियाचा चेहरा बघून देसांका म्हणाली, "काय झालं गं बाई? कुणी गेलं का?"

एवढं कुणीतरी विचारायचाच अवकाश होता. राझियाने सगळं सांगितलं. थांबा, पाट्या, 'व्यवसाय थांबवला', लाल गाड्या. तिचा आवाज चढत गेला. नूशा म्हणाली, "बाई, जरा हळू." राझिया म्हणाली, "सकाळी तुला तीनदा फोन केला तेव्हा मी हळूच बोलत होते."

ब्लागोया कपाळ पुसायचा थांबला होता. "तुझा नंबर बंद झाला आणि तुला कळलंच नाही?"

"कोण सांगणार? चिठ्ठ्या सगळ्या ह्याच्याकडे येतात. हा मला सांगतो, सगळं व्यवस्थित."

"मलाही तेच सांगतो," देसांका सावकाश म्हणाली. तिने पिशवीतून फोन काढला. "माझी सून बघते ते आहे ना, त्या नेटवरच्या पानावर कुणाचाही नंबर टाकला तरी कळतं, चालू आहे की नाही. ती जर्मन गिऱ्हाइकांचे तपासते." चष्मा नाकावर ओढून ती एकेक आकडा बोटाने टोचू लागली. तिघांची डोकी त्या छोट्या पडद्यावर एकत्र आली.

चक्र फिरलं. लाल अक्षरं उमटली. असा क्रमांक वैध नाही.

"चुकलं असेल," देसांका म्हणाली. पुन्हा टाकला. पुन्हा लाल.

"माझा टाक," ब्लागोयाचा आवाज फाटला.

त्याचाही लाल.

"अगं आई गं," देसांका म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. "परवा मारिबोरच्या जत्रेत मी इन्स्पेक्टरला कॉफी पाजली. त्याने मागितला असता तर?"

ब्लागोया उठला. मोठा माणूस; उठला की खोली लहान झाली. नूशाने फोन उचलायच्या आत त्याने आतला दरवाजा उघडला होता. विद्रिह आत एकटाच होता, मीटिंग वगैरे काही नव्हतं. समोर बशीत अर्धं खाल्लेलं सँडविच.

"हे काय? असं घुसायचं नसतं," तो उठत म्हणाला. मग राझियाला बघून त्याने चेहऱ्यावर हसू आणलं. "अहो राझियाबाई! बसा ना. निरोप मिळाला मला. बघतो मी काय ते. किरकोळ गोष्ट आहे."

"किरकोळ?"

"तांत्रिक अडचण. जरा परिस्थिती समजून घ्या. मी तुमचा जामीन आहे. उद्या तुमच्यासारखं कुणी पैसे न भरता गायब झालं, तर सरकार माझी मान धरतं. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याने मला असाच गाडला. म्हणून ह्या जानेवारीत मी लहान खाती काही काळापुरती बंद दाखवली. जोखीम कमी केली. परत उघडणारच होतो."

"बंद दाखवली, मग आमच्याकडून कराचे पैसे कशाला घेत होतास?"

विद्रिहने 'घेत होतास' हे एकेरी ऐकलं आणि त्याचं हसू गेलं. "फी तर लागतेच."

"फी वेगळी. कर वेगळा. तो कुठे आहे?"

"हिशेब करून देऊ. एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण आहे? तुमच्याकडे तर ह्याहून मोठे घोळ रोज चालतात. कुणी नोंदणीही करत नाही."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"म्हणजे... तिकडे, खाली."

राझिया टेबलापाशी गेली. तिने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "खाली! ऐक. तिकडे खाली माझ्या गावातले सगळे बसवाले मला वेडी म्हणतात. ते पाटी लावून जातात, हसत जातात, आज लितियाला तेही वेळेवर पोचले असते. मी नियम पाळला म्हणून अडकले. चोरी केली असती तर सुटले असते! तुमचा सरकारी माणूस स्वतः मला सांगत होता, खोटं बोल आणि जा. आणि चोर कोण निघाला? टाय लावलेला, तिसऱ्या मजल्यावरचा, इथला. ज्याच्या सहीशिवाय परक्याने इथे पाऊल टाकायचं नाही, तो. माझ्यावर विश्वास नाही म्हणून सरकारने तुला माझ्या डोक्यावर बसवला. तुझ्या डोक्यावर कोण बसलंय?"

"आवाज खाली करा, नाहीतर पोलिसांना बोलावतो."

"बोलाव!" तिघंही एकदम म्हणाले. देसांका दारातून म्हणाली, "नूशा, लाव गं बाळ पोलिसांना. मी विणकाम आणलंय, थांबते मी."

आणि खरंच, पोलीस विद्रिहने नाही, नूशानेच बोलावले. नंतर कळलं की तिचाही तीन महिन्यांचा पगार थकला होता. आलेल्या पोलीसबाईने आधी राझियालाच बाहेर चला म्हणून सांगितलं. राझिया म्हणाली, "येते. पण आधी ह्या दोघांचे नंबर तुमच्या हाताने टाकून बघा." पोलीसबाईने टाकले. लाल अक्षरं बघितली. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विद्रिहला म्हणाली, "तुम्ही बसा."

ह्यानंतर सगळं झटपट निकाली लागलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. विद्रिहवर गुन्हा नोंदवला गेला आणि त्याच्या वकिलाने तारखा मागायला सुरुवात केली. राझियाची बस कर खात्याच्या कुंपणात उभी राहिली. जर्मनीतल्या भावाने अनामत भरली तेव्हा कुठे ती सुटली. तोवर उन्हाळ्याची सगळी बुकिंगं पाटी लावणाऱ्यांकडे गेली होती. त्यातला एक जण नुरियाला बाजारात म्हणाला, "काय रे, लुब्ल्यानाचा माणूस बरा आहे ना?" नुरिया मूग गिळून घरी आला. बायकोला त्याने ते सांगितलं नाही. तिला कळायचं ते कळलंच.

शरद ऋतूत सुनावणी झाली. टेबलापलीकडे झुपांत्सबाई नावाच्या अधिकारी होत्या, शांत, नीटनेटक्या. त्यांनी फाईल वाचली होती. निदान वाचल्यासारखं बोलत होत्या. "तुमची फसवणूक झाली आहे, हे दिसतंय. म्हणून दंड आम्ही एक चतुर्थांशावर आणतो. इथे सही केलीत की संपलं."

"आणि तो शेरा? 'व्यवसाय थांबवला' आणि त्यापुढचा, 'नोंदणीविना वाहतूक'?"

"तो राहतो. चतुर्थांश दंड म्हणजे चतुर्थांश जबाबदारी. क्रमांक चालू आहे की नाही, हे अधूनमधून तपासणं तुमचंही काम होतं."

राझियाने पेन खाली ठेवलं. "एक विचारू? इथला लहान बसवाला, माझ्याएवढाच, एका बसचा. तो आपला क्रमांक अधूनमधून तपासतो?"

झुपांत्सबाईंनी फाईलचं पान उलटलं. "एवढ्या उलाढालीला त्याला क्रमांक लागतच नाही."

"म्हणजे जे त्याला करावंच लागत नाही, ते मी केलं. सहा वर्षं केलं. तुम्ही सांगितलेल्या माणसामार्फत केलं. त्या माणसाने पैसे खाल्ले, आणि तुम्ही मला म्हणता, त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. लक्ष ठेवायला तुम्ही त्याला माझ्यावर नेमलं होतं ना?"

झुपांत्सबाईंनी पेन पुन्हा तिच्याकडे सरकवलं.

"मला सवलत नको," राझिया म्हणाली. "दंड पूर्ण ठेवा नाहीतर पूर्ण काढा. मी जर चोर असेन तर चतुर्थांश कशी? आणि नसेन तर एक सेंटसुद्धा का?"

"बाई, अपिलाला वर्ष लागेल. सही करून घरी जा. मी तुमच्या भल्याचं सांगते."

"मार्चमध्ये पाट्या काढल्यापासून सगळे माझ्या भल्याचंच सांगतायत," राझिया म्हणाली आणि फाईल उचलून बाहेर पडली.

अपिलाला वर्षाहून जास्त लागलं. ब्लागोया आणि देसांका तिच्या बाजूने साक्षीला आले. नूशाही आली, आणि तिने सगळं सांगितलं. निकालात दंड रद्द झाला, अनामत परत मिळाली, आणि 'नोंदणीविना' हा शेरा काढून टाकण्यात आला. जी रक्कम बुडाली ती विद्रिहकडून जामीन म्हणून वसूल करावी, असं लिहिलं होतं. बुडालेल्या उन्हाळ्याबद्दल एक ओळ नव्हती. दिलगिरी हा शब्द तर शोधूनही सापडला नाही; राझियाने दोनदा शोधला. विद्रिहला शिक्षा झाली ती स्थगित, आणि लवकरच त्याच्या बायकोच्या नावाने पलीकडच्या रस्त्यावर तसंच एक ऑफिस उघडलं. देसांकाने फोनवर हे सांगितलं तेव्हा राझिया अंगणात बस धूत होती. पाइप हातात तसाच धरून ती इतका वेळ उभी राहिली, की नुरियाने येऊन नळ बंद केला.

नवा प्रतिनिधी मिळाला; त्याने आधीच्या दुप्पट हमी मागितली, कारण तिच्या नावावर 'पूर्वी वाद' होता. राझियाने ती दिली. पाटी तिने तरीही लावली नाही.

निकालानंतरच्या वसंतात तिने बस लितियाला नेली. सगळे आले नाहीत. दोघं मधल्या काळात गेले होते, काहींना आता बसवत नव्हतं. आलेंकाने कबरीवर दगड बसवून घेतला होता. हायरोकाका बोलला. ठरवलेलं भाषण नव्हतं ते. सारखी खडी मागणाऱ्या एका मुकादमाबद्दल तो बोलला, अडखळत, आणि मध्येच सगळे हसले. मग आलेंकाने घरी नेऊन सूप आणि अक्रोडाचा गोड पाव, पोतित्सा, खाऊ घातला.

परतताना फाताकाकू पुढे येऊन ड्रायव्हरशेजारच्या छोट्या सीटवर बसली. दोन वर्षं ती राझियाशी नीट बोलली नव्हती.

"पैसे मिळाले म्हणे तुला परत."

"मिळाले, काकू."

"शेरा पण काढला?"

"काढला."

"मग आता तरी शांत हो. सारखी दात खाऊन गाडी चालवतेस. मागून जबडा दिसतो तुझा."

राझियाने गियर बदलला. समोर नवा पूल होता, आणि पलीकडे नाका. नाक्याच्या अलीकडे कर खात्याची पांढरी गाडी उभी होती. राझिया तशीच त्या गाडीकडे बघत राहिली.

"माझ्यामुळे तुम्हाला मातीला पोचता आलं नाही, काकू. त्याबद्दल मी तुमची माफी मागते, आधीच मागायला हवी होती," ती म्हणाली. "पण शांत होणार नाही. ते मला सांगू नका."

फाताकाकूने पांढऱ्या गाडीकडे बघितलं, राझियाकडे बघितलं. मग पिशवीतून डबा काढून पिताचा एक तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापाशी धरला. "बरं," ती म्हणाली. "खा तर."